नाणे, कुंडली आणि ‘सार्थक’ फरक

मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याची प्रकल्पवही उघडा. शेवटच्या पानावर हे वाक्य हमखास सापडेल : ‘टी-मूल्य ०.०५ पातळीवर सार्थक असल्याने शून्य परिकल्पना फेटाळण्यात येत आहे.’ विषय काहीही असो. शहरी व ग्रामीण विद्यार्थ्यांची परीक्षेची भीती असो, खेळाडूंचा व इतरांचा आत्मविश्वास असो किंवा वसतिगृहातल्या मुलींचे समायोजन असो, वाक्य तेच. पोथीच्या शेवटी फलश्रुती यावी तसे ते येते आणि वही मिटते.

त्या वाक्याचा अर्थ विचारला तर दहापैकी आठ जण सांगतात, ‘म्हणजे आमचे म्हणणे ९५ टक्के खरे ठरले.’ हे उत्तर चूक आहे. पण विद्यार्थ्याला दोष देण्याआधी आपण त्याला काय शिकवले हे पाहिले पाहिजे. आपण त्याला सूत्र देतो, कोष्टक कसे पाहायचे ते दाखवतो, स्वाधीनता मात्रा काढायला शिकवतो. आलेला आकडा कोष्टकातल्या आकड्याहून मोठा असेल तर काय लिहायचे आणि लहान असेल तर काय लिहायचे, हेही सांगतो. हा सगळा खटाटोप कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी चालला आहे, हे सांगायला तास उरत नाही.

प्रश्न साधा आहे. समजा दोन गटांत खरे तर काहीच फरक नाही. तरीही नुसत्या योगायोगाने, माझ्या हाती लागला एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात किती वेळा दिसला असता? ‘पी-मूल्य’ म्हणतात ते एवढेच. ‘फरक नाही’ हे धरून चालल्यावर आकडे असे येण्याची शक्यता ते सांगते. आकडे असे आल्यावर ‘फरक नाही’ हे खरे असण्याची शक्यता ही निराळी गोष्ट आहे, आणि ती चाचणी सांगत नाही. नगर जिल्ह्यातला माणूस कधी ना कधी शिर्डीला जाऊन आलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. पण शिर्डीच्या रांगेत उभा असलेला माणूस नगर जिल्ह्यातला असण्याची शक्यता त्या मानाने थोडी, कारण ती रांग देशभरातून आलेल्यांची असते. शब्द तेच, क्रम उलटा, आणि उत्तर पार वेगळे.

घोळात भर घालतो तो ‘सार्थक’ हा शब्द. मराठीत जन्माचे सार्थक होते, कष्ट सार्थकी लागतात. अशा शब्दाच्या पुढे ‘फरक’ जोडला की मुलाला तो मोठा, महत्त्वाचा, अर्थपूर्ण फरक वाटणारच. ‘लक्षणीय’ म्हटले तरी तीच अडचण. ‘योगायोगाने सहजी न घडणारा’ एवढाच खरा अर्थ आहे. पण तो लांबलचक पडतो, म्हणून परिभाषा करणाऱ्यांनी सुटसुटीत शब्द निवडला आणि शिकणाऱ्यांनी त्याचा रोजचा अर्थ धरला. (शून्य परिकल्पना, शून्य अभ्युपगम, शून्य सिद्धांतकल्पना या तीन नावांपैकी कोणते घ्यायचे याबद्दलही आपल्याकडे एकमत नाही. पण त्याने कोणाची दिशाभूल होत नाही. ‘सार्थक’ने होते.)

ही पद्धत मुळात कशासाठी निघाली ते एका मराठी मुलुखातल्या प्रयोगावरून चांगले दाखवता येते. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे जाणकार टीकाकार प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक जाहीर चाचणी घेतली. तिचा निबंध मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंधश्रद्धेच्या वादात त्याचा उल्लेख वारंवार होतो. पण परिकल्पनेची चाचणी शिकवायचा पाठ म्हणून तो फारसा कोणी वापरत नाही. मला तो त्याच दृष्टीने वाचायचा आहे, त्यातल्या कच्च्या जागांसकट.

प्रयोगाची रचना अशी. शिक्षकांनी हुशार ठरवलेली १०० शाळकरी मुले आणि विशेष शाळांतील बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुले निवडली. त्यांच्या जन्मवेळा पालकांकडून घेतल्या आणि कुंडल्या तयार केल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली हे सांकेतिक क्रमांकांखाली झाकून ठेवले. मे २००८ मध्ये पुण्यात जाहीर आवाहन केले. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला २०० पैकी यादृच्छिक निवडलेल्या ४० कुंडल्या पाठवायच्या, आणि त्याने प्रत्येकीपुढे ‘हुशार’ की ‘मंदबुद्धी’ ते लिहायचे. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, त्यांपैकी २७ जणांची उत्तरे आली. शिवाय एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासायला घेतल्या.

इथे शून्य परिकल्पना कोणती? ‘कुंडली पाहून दिलेले उत्तर नाणे उडवून दिलेल्या उत्तराहून चांगले नसते.’ विद्यार्थ्याला हे एकदम कळते. प्रकल्पवहीतल्या ‘दोन गटांच्या सरासरीत फरक नाही’ या वाक्यामागे कोणी खरोखरचा प्रतिस्पर्धी उभा दिसत नाही. इथे नाणे समोर उभे आहे.

नाण्याचे गणितही हाताने करता येते. ४० वेळा उडवले तर सरासरी २० बरोबर येणार. प्रमाण विचलन म्हणजे ४० × १/२ × १/२, अर्थात १० चे वर्गमूळ, सुमारे ३.१६. प्रयोगकर्त्यांनी यशाची रेघ ४० पैकी २८ वर ओढली होती. नाण्याला २८ किंवा अधिक मिळण्याची शक्यता हजारात सुमारे ८, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. महत्त्वाची गोष्ट ही की रेघ निकालाआधी ओढलेली होती. आमच्या वह्यांतून आकडे आधी येतात, आणि ते ०.०१ वर बसतात की ०.०५ वर हे पाहून मग पातळी ‘ठरते’. ही नेम धरून बाण मारण्याची रीत नव्हे. हा बाण लागेल तिथे वर्तुळ काढण्याचा प्रकार झाला.

निकाल असा लागला : सर्वांत वरच्या ज्योतिषाला ४० पैकी २४ उत्तरे बरोबर आली, त्याखालच्या दोघांना २२, बाकी सगळे २० किंवा त्याखाली. सर्वांची सरासरी निम्म्याहून कमी. संस्थेची २०० पैकी १०२ उत्तरे बरोबर, म्हणजे ५१ टक्के.

आता त्या २४ कडे थोडे थांबून पाहू या. एकट्या माणसाने ४० पैकी २४ बरोबर सांगितले तर ऐकणाऱ्याला वाटते, काही तरी आहे बुवा. ६० टक्के म्हणजे पहिला वर्ग! पण नाण्यालाही २४ किंवा अधिक शंभरात सुमारे १३ वेळा मिळतात. आणि इथे नाणी एक नव्हे, २७ होती. २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यांतल्या तिघाचौघांना २४ किंवा अधिक मिळायला हवे होते. मिळाले एकालाच. गावोगावच्या ‘अचूक’ भविष्यवेत्त्यांची कीर्ती अशीच तयार होते. पुष्कळांनी पुष्कळदा सांगावे आणि ज्याचे जुळले त्याचे नाव व्हावे. न जुळलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही.

हाच तर्क प्रयोगकर्त्यांवरही उलटवून पाहायला हवा, आणि इथे माझा पहिला आक्षेप आहे. २८ ची रेघ एका ज्योतिषासाठी कडक आहे. २७ जणांसाठी ती तेवढी कडक राहत नाही. २७ जणांनी फक्त नाणी उडवली, तरी त्यांपैकी निदान एकाला २८ किंवा अधिक मिळण्याची शक्यता सुमारे २० टक्के निघते. म्हणजे फलज्योतिषात काही तथ्य नसतानाही, असे पाच प्रयोग केले तर त्यांतल्या एकात कोणी तरी ‘उत्तीर्ण’ झाला असता, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळा काय आला असता हे सांगायला कुंडली लागत नाही. या प्रयोगात तसे घडले नाही, म्हणून हा प्रश्न वर आला नाही. अनेक जणांची परीक्षा एकदम घेताना उत्तीर्ण होणाऱ्याची नव्या कुंडल्यांवर फेरपरीक्षा होईल, हे रेघेइतक्याच ठळकपणे आधी सांगितलेले असावे लागते. रेघ नेहमीच्या ५ टक्क्यांच्या पातळीवर, म्हणजे २६ वर ओढली असती तर एखादा नाणेबहाद्दर पार होण्याची शक्यता जवळजवळ दोन-तृतीयांश होती. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत वीस वीस उपघटक असतात. प्रत्येकावर टी-चाचणी करायची आणि एक ‘सार्थक’ निघाला की त्यावर निष्कर्ष लिहायचा, हा तोच मथळा असतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे, आणि तो ज्योतिषांच्या वतीने घ्यायला हवा. कारण न्याय दोन्ही बाजूंना सारखा. समजा एखाद्या ज्योतिषाला खरोखरच थोडे कळते, शंभरात ६० वेळा तो बरोबर सांगतो. ४० कुंडल्यांत त्याला सरासरी २४ मिळतील, आणि २८ ची रेघ तो ओलांडेल आठांत जेमतेम एकदा. म्हणजे साठ टक्केवाला ज्योतिषी असता तरी ही वैयक्तिक चाचणी त्याला बहुधा नापासच करती. याला चाचणीची क्षमता कमी असणे म्हणतात. ‘सार्थक फरक आढळला नाही’ याचे ‘फरक नाही’ असे भाषांतर आपल्या वर्गांतून रोज होते आणि लहान नमुन्याकडे कोणी पाहत नाही. तीस तीस मुलांचे दोन गट घ्यायचे, फरक सापडला नाही की दोन्ही गट सारखे म्हणायचे. चाळणीची भोके मोठी असली की बारीक धान्य वर राहत नाही. पण म्हणून ते पोत्यात नव्हतेच असे ठरत नाही.

मग प्रयोग फसला का? नाही. त्याचे खरे बळ वैयक्तिक २८ मध्ये नसून एकत्रित आकड्यांत आहे. २७ जणांच्या मिळून १०८० उत्तरांत साठ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६४८ बरोबर यायला हवी होती. नाण्याच्या हिशेबाने ५४०, फार तर तीस-पस्तीस इकडेतिकडे. प्रत्यक्ष सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली, तेव्हा सर्वसाधारण ज्योतिषी साठ टक्के बरोबर सांगतो ही गोष्ट मोडीत निघाली. संस्थेचे १०२ घ्या. २०० पैकी ५१ टक्के, आणि योगायोगाची मुभा दोन्हीकडे सात टक्के. म्हणजे संस्थेचे खरे कौशल्य ४४ ते ५८ टक्क्यांच्या दरम्यान कुठे तरी असावे. ६० बसत नाही. ५५ मात्र अजूनही बसू शकते. हे असे लिहिले की वाचकाला किती कळले आणि किती कळायचे राहिले, दोन्ही समजते. ‘शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही’ या वाक्यात यातले काहीच नाही. निबंध वाचताना मला वाटले, लेखकांनी याच अंतरालावर अधिक जोर द्यायला हवा होता.

सरासरी नाण्याहूनही खाली आली, ही गंमत सांगण्याचा मोह सर्वांना होतो. वर्गात सांगताना थोडे जपून. काही कुंडल्यांना ‘सांगता येत नाही’ असेही उत्तर आले होते. नाणे असे कधी म्हणत नाही. अशी उत्तरे ‘बरोबर’मध्ये धरली नाहीत तर सरासरी आपोआप खाली येते, आणि नाण्याशी केलेली तुलना सरळ राहत नाही. ज्योतिषांना नाण्याहून कमी कळते असा याचा अर्थ काढणे म्हणजे ज्या चुकीबद्दल आपण इतरांना बोलतो तीच करणे. अशा उत्तरांत मला तर प्रामाणिकपणा दिसतो.

जन्मवेळा पालकांच्या आठवणीतल्या, म्हणून चुकीच्या असतील, हा आक्षेप ज्योतिषांच्या बाजूने येऊ शकतो. तो फेटाळून न लावता तपासण्यासारखा आहे. काही वेळा चुकल्या तर कौशल्य फिके पडेल. पण नेहमी सल्ला घ्यायला येणारा माणूसही आईवडिलांनी सांगितलेलीच वेळ घेऊन येतो. ‘हुशार’ कोण हे शिक्षकांच्या मतावरून ठरवले, हाही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर करून १९४० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अशी प्रमाणित कसोटी हाती असताना शिक्षकाचे मत पुरेसे का मानले? या प्रयोगापुरते उत्तर असे की दोन गटांतले अंतर इतके मोठे होते की शिक्षकाची थोडी चूक खपून जावी. गट एकमेकांच्या जवळचे असते तर खपली नसती.

या पद्धतीचा जन्म शेतात झाला, हे मानसशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते. रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करत होते. १९३५ च्या त्यांच्या पुस्तकात चहाची प्रसिद्ध गोष्ट आहे. दूध आधी घातले की चहा आधी, हे चवीवरून सांगता येते असा दावा करणाऱ्या बाईंसमोर आठ पेले, चार असे आणि चार तसे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. नारळीकर-कुंटे यांचा प्रयोग याच घराण्यातला. दुसरे घराणे नेमन आणि धाकटे पिअर्सन यांचे. रेघ आधी ओढा, दोन्ही प्रकारच्या चुकांचा हिशेब ठेवा, क्षमता पाहा, ही त्यांची शिकवण. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे १९३०च्या दशकात लंडनला याच दोघांच्या हाताखाली शिकले. फिशर आणि नेमन यांचे आपसात अजिबात पटत नव्हते. पाठ्यपुस्तकांनी मात्र दोघांची सूत्रे एका पानावर चिकटवली आणि भांडण गाळले. विद्यार्थ्याचा गोंधळ उडतो तो काही अंशी या चिकटवाचिकटवीमुळे.

नगर जिल्ह्यातल्या शिक्षकाला शेतातले मूळ दाखवायला इंग्लंडला जावे लागत नाही. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. कोणत्या वाफ्यात कोणते वाण हे तिथे चिठ्ठी टाकल्यासारखे यादृच्छिक का ठरवतात, एकच वाण चार ठिकाणी का लावतात, हे बांधावर उभे राहून विचारले तर ‘नमुना’ आणि ‘त्रुटी’ हे शब्द कोष्टकाबाहेर येतात. जमीन सारखी नसते हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. मुलेही सारखी नसतात, एवढेच पुढे जोडायचे.

हे रडगाणे केवळ आपल्या वह्यांचे नाही. २०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांच्या एका गटाने मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के ‘सार्थक’ होते. फेरतपासणीत सार्थक निघाले ३६ टक्के. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने पी-मूल्य म्हणजे काय आणि काय नव्हे यावर निवेदनच काढले. आपल्या अभ्यासक्रमाने त्याची दखल किती घेतली हे ज्याने त्याने आपल्या प्रश्नपत्रिका काढून पाहावे.

आता जिल्ह्यातलेच आणखी एक उदाहरण, मानसशास्त्राबाहेरचे पण याच धड्याचे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत, पुढे हे प्रमाण झपाट्याने उतरले, असे नेहमी सांगितले जाते. काम मोठे आहे यात वाद नाही. पण ‘आधी इतके, नंतर इतके’ हा पुरावा संख्याशास्त्राला पुरत नाही, कारण त्याच काळात सगळीकडेच प्रमाण उतरत होते. देशाचा अर्भकमृत्युदर १९७१ मध्ये १२९ होता, २०१० मध्ये ४७. जामखेडच्या गावांत काय झाले हे कळायला शेजारची, प्रकल्पाबाहेरची गावे हवीत. २००८ मध्ये काही संशोधकांनी नेमके तेच केले. प्रकल्पातल्या आणि आसपासच्या इतर गावांतल्या स्त्रियांना आपापल्या बाळंतपणांचा इतिहास विचारला आणि मागच्या पंधरा वर्षांतले बालमृत्यू मोजले. निष्कर्ष २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला : पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी, ९५ टक्के विश्वासाचा अंतराल ६ ते ४८.

आमच्या वहीत याचे ‘फरक सार्थक आहे’ एवढेच झाले असते. ६ आणि ४८ हे दोन आकडे शेजारी लिहिले की बोलायला विषय मिळतो. धोका खरोखर सहाच टक्क्यांनी कमी होत असेल तर सरकारने असा प्रकल्प इतर तालुक्यांत न्यावा का? ४८ टक्क्यांनी होत असेल तर? कोणत्या गावांशी तुलना केली, ती कशी निवडली, आयांना पंधरा वर्षांपूर्वीचे किती आठवले असेल? तृतीय वर्षाच्या वर्गाला यावर दोन तास पुरणार नाहीत.

नाण्याचा तास मात्र अकरावीतही घेता येतो. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने चाळीस वेळा नाणे उडवायचे, पण आधी कागदावर चाळीस अंदाज लिहून ठेवायचे, आणि शेवटी बरोबर किती ते फळ्यावर मांडायचे. आठएक जणांना २४ किंवा अधिक मिळतील. त्यांना उभे करून यशाचे रहस्य विचारावे. एखाद्या वर्षी २८ वालाही निघेल. त्याला पुन्हा चाळीस वेळा नाणे उडवायला सांगावे.